दोन वाक्यांची माफी

माझा बा कॉलेजच्या व्हरांड्यात चपला हातात धरून उभा होता.

तास संपवून बाहेर आले तेव्हा मी त्याला आधी ओळखलंच नाही. बा इथं कशाला येईल? उदगीरला तो यायचा तो बाजाराच्या दिवशी, दोर आणि दावी विकायला. विकली की परत. लेक शिकते त्या इमारतीकडं कधी फिरकला नव्हता. आता भिंतीला पाठ लावून उभा. पटका डोक्यावर, मान खाली. जाणाऱ्या पोरांना त्याचा धक्का लागू नये म्हणून अंग चोरून.

"बा, तू हितं?"

"मालकानं आणलं. जीपमंदी. काय केलीस गं बाई तू?"

"चपला घाल की."

"शिपाई म्हणला, काढ."

शिपाई स्टुलावर बसलेला. त्याच्या पायात चपला होत्या. त्या व्हरांड्यातून दिवसभर बूट जात होते, सँडल जात होत्या, उंच टाचा जात होत्या. काढायला लावल्या त्या माझ्या बाच्या. टायरच्या चपला. त्यांच्यामुळं कुठली फरशी मळणार होती, देव जाणे.

मी काय केलं होतं? निवडून आले होते. एवढंच.

हे सांगायचं म्हणजे थोडं मागं जावं लागतं. सांगायचा कंटाळा येतो आता. किती जणांना सांगितलं. ऐकणारे मान हलवतात आणि म्हणतात, फार वाईट झालं. मग चहा येतो. तरी सांगते.

आम्ही मांगवाड्यातले. बा अंबाडीचे दोर वळायचा. कासरे, दावी, मोटेचे नाडे. त्या साली पाऊस नव्हता, त्याच्या आदल्या सालीही धड नव्हता. लोकांनी जनावरं मिळेल त्या भावात बाजारात काढली. जनावरंच गेल्यावर दावं कुणाला लागतं? बाचा धंदा बसला. मग तो आणि माय दुष्काळी कामावर जायला लागले. रस्त्याचं काम होतं, खडी फोडायची. काम सरकारचं, पण हजेरीवर कुणाला घ्यायचं हे गावचे मालक ठरवायचे. मालक म्हणजे गावातले सगळ्यात मोठे जमीनदार. उदगीरला अडत दुकान, दारात जीप. त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. मालक म्हटलं की झालं.

त्याच सुमाराला लातूर जिल्हा नवा झाला. उदगीर उस्मानाबादेतून निघून लातुरात आलं. दुकानांच्या पाट्यांवर जुन्या जिल्ह्याचं नाव पुसून नवं लिहीत होते, आणि घाईत मारलेल्या रंगाखालून जुनं दिसत होतं. पोरांना वाटायचं आता काहीतरी होणार. मोठ्यांना वाटायचं आता खुर्च्या वाढणार. मोठ्यांचं बरोबर होतं. नवी जिल्हा परिषद, नव्या समित्या, नवे सभापती. आणि या खुर्च्यांकडं जाणारी पहिली पायरी होती कॉलेजची निवडणूक.

कायद्यानं प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी मंडळ. प्रत्येक वर्गानं एक प्रतिनिधी निवडायचा. सगळ्या प्रतिनिधींनी मिळून एक विद्यापीठ प्रतिनिधी निवडायचा. त्याला सगळे यू.आर. म्हणायचे. यू.आर. झालेला पोरगा सहसा परीक्षेत नापास व्हायचा आणि आयुष्यात पास. त्या वर्षी यू.आर.ला उभा होता उमाकांत. मालकांचा पुतण्या.

माझ्या वर्गात दोन टोळकी होती, एकमेकांच्या नरड्यावर. काही केल्या जमेना. शेवटी मागून एकजण ओरडला, "त्या हॉस्टेलवाल्या पोरीला करा. ती तोंडच उघडत नाही." वर्ग हसला. दोन्ही टोळक्यांना पटलं. मी प्रतिनिधी झाले. तोंड उघडत नाही या एका गुणावर.

पण मी खूश होते. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी हॉस्टेलवर जाऊन आरशात बघितलं होतं.

आता मतं गोळा करायची आमच्याकडची रीत सांगते. वर्ग प्रतिनिधी निवडून आले की त्यांना उचलायचं. जीपमध्ये घालायचं आणि लांब न्यायचं, म्हणजे दुसऱ्या पार्टीच्या हाती लागू नयेत. उमाकांतनं आपले प्रतिनिधी तिरुपतीला नेले. नुसते नेले नाहीत. त्यांचे केस बालाजीला द्यायला लावले. देवासमोर मुंडण केलेला माणूस शब्द फिरवत नाही म्हणे. आठवडाभरानं ही सगळी पोरं कॉलेजात आली ती गुळगुळीत डोक्यानं. गुप्त मतदान होतं आमच्याकडं! कोण कुणाला मत देणार हे कँटीनवाल्यालाही उन्हात लांबून दिसत होतं. विरोधी पार्टीनं आपली पोरं हैदराबादला सिनेमे दाखवायला नेली होती. ती भांग पाडून फिरायची. आम्ही मुली हसून हसून बेजार व्हायचो.

मला वाटलं, मुलींचं बरं आहे. आपल्याला कोण जीपमध्ये घालणार? बोभाटा होईल. ते खरंच होतं. मुलीला जीपमध्ये घालत नसत. मुलीच्या बापाला घालत.

अजून एक मुलगी प्रतिनिधी होती, कापड दुकानदाराची. तिच्या वडिलांना प्राचार्यांच्या बंगल्यावर चहाला बोलावलं. ते पांढरं धोतर नेसून गेले आणि पान खात बाहेर आले.

माझ्या बाला व्हरांड्यात उभं केलं.

शिपायानं आत बोलावलं. प्राचार्य टेबलामागं. समोर खुर्चीत मालक. त्यांच्या बाजूला उमाकांत, टक्कल चकाकत होतं. त्यानंही केस दिले होते, पुढाऱ्यानं आधी केलं पाहिजे म्हणून. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बा आत आला आणि दाराशी खाली बसला. कुणी बस म्हणालं नव्हतं, कुणी ऊठही म्हणालं नाही. मी उभी. बापाच्या शेजारी खाली बसावं की खुर्चीत बसावं, कळेना. दोन्ही जमलं नाही. उभीच राहिले.

प्राचार्य म्हणाले, "हे बघ, निवडणुकीत मी पडत नाही. तुमचं लोकशाहीचं काम आहे. माझं फक्त एवढंच म्हणणं आहे, वडीलधाऱ्यांचं ऐकावं."

मालकांनी माझ्या बाच्याकडं बघितलं. "सांग की लेकीला."

बानं घसा खाकरला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "दे गं बाई. मालक म्हणतेत तिकडं दे. आपल्याला काय कळतंय त्यातलं."

मला कळत होतं. राज्यशास्त्र होतं माझा विषय. मतदानाचा हक्क, भाषणाचं स्वातंत्र्य, पाठ होतं सगळं. मार्क मिळायचे. त्या केबिनमध्ये त्यातलं एक अक्षर तोंडाशी आलं नाही.

"हाव म्हण," मालक म्हणाले.

"हाव," मी म्हणाले.

उमाकांत हसला. वाईट हसला असंही नाही. काम झालं म्हणून हसतात तसा. उठता उठता शिपायाला म्हणाला, "म्हाताऱ्याला पाणी पाज रे. लांबून आलाय."

शिपायानं बाला बाहेर नेलं. माठावर गिलास पालथा घातलेला होता. त्याला त्यानं हात लावला नाही. तांब्या घेतला. बा उकिडवा बसला, ओंजळ केली, आणि शिपायानं वरून धार सोडली. गावात टँकरमागं बायका पळत होत्या, आणि इथं निम्मं पाणी बाच्या कोपरावरून मातीत गेलं. पाणी वाया गेलेलं चाललं. गिलास विटाळलेला चालला नसता.

जीप निघून गेली. बाला आणायला जागा होती, न्यायला नव्हती. मी त्याच्याबरोबर स्टँडपर्यंत चालत गेले. मुखेडची एसटी लागली होती, ती बाच्या वाटेची नव्हती. त्याची यायला अवकाश होता. सावलीला बसलो. मला रडू यायला लागलं.

"रडूलालीस कामून?"

मी डोळे पुसले. तो विझलेली बिडी तशीच बोटांत धरून म्हणाला, "आत म्हणलो ते माझं बोलणं न्हवतं, बाई. मला बोलाया लावलं. तू ते मनावर घिऊ नको. मत कुणाला द्यायचं त्ये तुझं तू बग."

एसटी आली. तो चढला. खिडकीतून बघितलंही नाही त्यानं.

मी परत चालत आले. मला पहिल्यांदा राग आला तो त्या रस्त्यावर. लाज नव्हे. राग. माझ्या बाच्या तोंडात दुसऱ्याचे शब्द घातले होते. तो ते बोलला आणि मग लेकीसमोर म्हणाला, ते माझं नव्हतं. आयुष्यभर हा माणूस किती वेळा दुसऱ्याचं बोलला असेल? आणि घरी येऊन, अंधाराला तोंड करून, किती वेळा म्हणाला असेल, ते माझं नव्हतं? आणि मी, कॉलेजात शिकणारी, मीही 'हाव' म्हणून आले होते. माझं नसलेलं.

मतदान ग्रंथालयाच्या हॉलमध्ये होतं. टेबलावर पेटी. गुळगुळीत डोकी एकीकडं, भांगवाले दुसरीकडं, आम्ही दोन मुली मध्ये. प्राचार्यांनी नियम सांगितले. शेवटी नेहमीच्या सवयीनं म्हणाले, "कुणाला काही विचारायचं आहे?"

कुणी विचारत नसतं. विचारायचं नाही हे कळावं म्हणूनच तसं विचारतात. मी उभी राहिले.

आवाज बारीक झाला होता. पण शब्द मी हॉस्टेलवर घोकून आले होते. म्हणाले, "परवा माझ्या बापाला जीपमधून इथं आणलं. माझ्या मतासाठी. त्याला चपला काढून उभं केलं. मी हाव म्हणाले, ते मी मागं घेते. मी मत कुणाला देणार ते सांगणार नाही. पण मत असं मागितलं, हे सगळ्यांसमोर सांगते. आणि हे प्राचार्यांच्या केबिनमध्ये झालं."

टकली पोरं बाकाकडं बघत होती. त्यांच्यातल्या एकानं डोक्यावरून हात फिरवला. कापड दुकानदाराच्या मुलीनं माझ्यापासून थोडं सरकून घेतलं.

"हे बोलायचं ठिकाण नाही," प्राचार्य म्हणाले.

"मग कुठलं आहे, सर?"

मी खरंच विचारत होते. मला माहीत नव्हतं. आजही मला ते कुणी सांगितलेलं नाही.

"बाहेर हो."

"मत देऊन जाते."

"बाहेर हो म्हटलं ना!"

मला मत देऊ दिलं नाही. संध्याकाळी गुलाल उधळला. उमाकांत भरघोस मतांनी आला. त्याला माझं मत नसतं तरी चाललं असतं, हे गुलाल बघताना माझ्या लक्षात आलं. त्याला कमी पडत नव्हतं. मला ते फार लागलं. गरज असती तर एक वेळ समजलं असतं. गरज नसताना बाला आणलं होतं. एकही माणूस आपल्या शब्दाबाहेर राहू नये, एवढ्याचसाठी.

शिस्तभंग केला म्हणून माझं प्रतिनिधीपद काढलं. फळ्यावर लागलं. मला वाटलं, इतकंच असेल तर सोसेन.

इतकंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात गावची एक बाई स्टँडवर भेटली. म्हणाली, "तुझ्या माय-बापाला कामावरून काढलंय गं. मुकादम हजेरीच घिना." मी तशीच गावी गेले.

दुपारची वेळ. रस्त्याच्या कामावर अख्खा मांगवाडा गेलेला. घरी फक्त आमची दोघं. माय चुलीपुढं बसलेली, चूल थंड. बा दारात. हाताला काम नसलं की तो जुने दोर उसवायचा आणि पुन्हा वळायचा. तेच करत होता.

मी म्हणाले, "तहसीलला अर्ज करू. काम सरकारचं आहे. असं काढता येत नाही."

बानं ऐकलं. हातातला पीळ सोडला नाही.

"त्या दिशी स्टँडवर म्हणलो ना, ते माझं बोलणं न्हवतं म्हणून? आज बोलूलालो ते माझं हाय. कुणी बोलाया लावलं न्हाई. माफी माग आन् मोकळी हो. मालकाचा निरोप आलाय. समद्यांम्होरं माफी मागितली की हजेरी चालू करतो म्हणला."

मी मायकडं बघितलं. ती म्हणाली, "दोन शब्द टाकल्यानं तोंड झिजतंय का तुझं? आमचे हात झिजले."

कुठल्या पुस्तकात याचं उत्तर आहे? मालक समोर असते तर मी बोलले असते. प्राचार्य असते तरी बोलले असते. समोर माझी माय होती आणि तिचे हात खरंच झिजले होते. खडीनं बोटांची कातडी गेली होती. मी म्हणाले, मागते.

प्राचार्य आता गोड बोलले. "बेटा, मोठेपणा लागतो चूक कबूल करायला. विद्यार्थी मंडळाचं उद्घाटन आहे. नव्या जिल्ह्याचे कलेक्टर साहेब येणार आहेत. ते यायच्या आधी उरकून घेऊ. दोनच वाक्यं बोल. मी चुकीचं बोलले. मी माफी मागते. बस."

उद्घाटनाच्या दिवशी मैदानात मंडप होता. पुढं गावातली प्रतिष्ठित माणसं, मागं विद्यार्थी, एका बाजूला मुली. कलेक्टर साहेबांना उशीर होत होता. त्यांना कुठंतरी टँकर बघायचा होता. लोक चुळबुळ करायला लागले. प्राचार्यांना वेळ भरून काढायला काहीतरी हवंच होतं. माझी माफी त्यासाठी बरी पडली.

स्टेजवर उमाकांत होता. केस नखभर वाढले होते, कपाळाला टिळा. मला वर बोलावलं. मी माइकपाशी गेले तेव्हा तो बसल्या जागेवरून हळूच म्हणाला, "हात जोडून माग."

तरीही मी मागणार होते. हे नीट सांगते, नाहीतर लोकांना वाटतं मी आधीपासूनच वाघीण होते. मी दोन वाक्यं मनात घोळवत होते. मायचे हात डोळ्यांसमोर होते. मी मागणार होते.

तेवढ्यात प्राचार्यांनी माइक पुढं ओढून घेतला आणि म्हणाले, "आपल्या कॉलेजात प्रत्येकाला बोलण्याचं स्वातंत्र्य आहे. ही विद्यार्थिनी कुणाच्याही दडपणाशिवाय, स्वेच्छेनं, आपलं मत मांडणार आहे."

स्वेच्छेनं.

नुसतं 'हिला माफी मागायला सांगितलंय' म्हणाले असते तर मी मागितली असती आणि गेले असते. बानं केलं तसंच. नंतर कुणापाशी तरी म्हणाले असते, ते माझं नव्हतं. पण ह्यांना ते माझंच करून हवं होतं. माय-बापाची भाकरी काढून घ्यायची, लेकीला स्टेजवर उभं करायचं, आणि वर मंडपाला सांगायचं, ही आपल्या मनानं बोलतेय. मी माइक हातात धरला.

"सर म्हणाले, स्वेच्छेनं बोल. तर बोलते. मी त्या दिवशी बोलले ते खरं आहे. माझ्या बापाला आणलं होतं. आता मी माफी मागावी म्हणून माझ्या माय-बापाचं काम बंद..."

माइक बंद झाला. कुणीतरी बटण दाबलं. मी तसंच पुढं बोलले, होता तेवढा घसा ताणून. "काम बंद केलंय. मी माफी मागत नाही."

पुढच्या ओळींनी ऐकलं. मागच्यांना ऐकू गेलं नाही. मागं कुणी म्हणालं, तिनं माफी मागितली. कुणी म्हणालं, तिनं शिवी दिली. उदगीरात दोन्ही गोष्टी बरीच वर्षं चालल्या.

हॉस्टेलच्या रेक्टर बाईंनी मला दंडाला धरून खाली आणलं. "काय मिळवलंस?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. त्याही दमलेल्या बाई होत्या. मी मंडपाबाहेर भिंतीला टेकून बसले. मग कलेक्टर साहेब आले, हार झाले, टाळ्या झाल्या. भाषणात दुष्काळ होता, नवा जिल्हा होता, तरुणांनी पुढं यावं असंही होतं. मी सगळं ऐकलं. त्यांचा माइक चांगला चालू होता.

आमच्यासारख्याच गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून कॉलेजात आलेली चार पोरं नंतर इमारतीमागं भेटली. म्हणाली, शाबास. फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच रस्ता बदलला. त्यांचेही बाप कुठल्यातरी कामावर होते. मी त्यांना दोष देत नाही. पण मला एकटं वाटलं, आणि ते वाटणं पुढं कधी पूर्ण गेलं नाही.

त्या वर्षापुरतं मला काढून टाकलं. हॉस्टेलची जागा गेली. माय-बाची हजेरी पुन्हा लागली नाही. मी तहसीलला अर्ज दिला. तो कुणी वाचला असेल असं वाटत नाही. निलंग्याकडं नदीकाठाला थोडा ऊस उभा होता. तिकडं टोळी निघाली, आम्ही तिघं तिच्यात गेलो. बा ऊस तोडायचा, माय आणि मी मोळ्या बांधायचो. पाचटानं हात फाटायचे. बा माझ्याशी बोलत नव्हता. काम सांगायचा, तेवढंच.

एक दिवस दुपारी भाकरी खाताना मी विचारलं, "बा, चुकले का मी?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. बऱ्याच दिवसांनी.

"तू तुझं बोललीस. पोट आमचं व्हतं."

उठून कोयता घेऊन गेला. पुढं कधी त्यानं मला शाबास म्हटलं नाही. मरेपर्यंत नाही. लोकांना वाटतं गोष्टीच्या शेवटी बाप पाठीवर हात ठेवतो. माझ्या बानं ठेवला नाही, आणि मला वाटतं त्याचं त्याच्यापुरतं बरोबर होतं. माझंही बरोबर होतं. दोन्ही बरोबर असतं, त्यानं माणूस थकतो. मी तेव्हापासून थकलेली आहे. वयाचा संबंध नाही.

जूनमध्ये मी परत कॉलेजात नाव घातलं. बाला विचारलं नाही. मायला सांगितलं, तिनं भाकरीचं गाठोडं दिलं. मला पुन्हा त्याच वर्गात बसवलं, वर्षानं लहान मुलामुलींबरोबर. हॉस्टेल नव्हतं. उदगीरातल्या एका ओळखीच्या बाईच्या पडवीत राहायचे, तिचं पाणी भरायचे. पाऊस तेव्हाही धड नव्हता.

वर्ग प्रतिनिधीच्या निवडणुकीचा दिवस आला. सर वर्गात आले, खडू घेतला, म्हणाले, "कोण उभं राहणार?"

दोन पोरं उभी राहिली. मीही उभी राहिले.

"तू खाली बस. तुझ्यावर कारवाई झालेली आहे. तुला उभं राहता येत नाही."

"निवडणुकीला येत नाही, माहीत आहे सर. मला बोलायचंय."

"बोलण्याची परवानगी नाही."

ज्यांना माहीत नव्हतं ते माहीत असलेल्यांना विचारत होते. मुली माझ्याकडं बघत होत्या. नवी नवी मुलं, गावागावांतून आलेली, तेल लावलेल्या वेण्या. त्यांच्यातली एखादी निवडून येणार होती. तिच्या गावात कुणीतरी मालक असणार होता, त्याची जीप असणार होती, आणि तिला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्या केबिनमध्ये वेगळी उभी राहिले असते का? माहीत नाही. पण मला कुणी सांगितलं नव्हतं.

"बस म्हणतोय ना," सर म्हणाले.

मी बसले नाही. बोललं की कुणाचं तरी काम जातं, कुणाची तरी जागा जाते, हे मी आता उसाच्या फडात शिकून आले होते. न बोलताही जातंच, फक्त हळूहळू, आणि मुकाट्यानं. तेव्हा बोलायचं. माइक असो नसो, परवानगी असो नसो. दर साली, जिथं असेन त्या वर्गात. पुढं काय जाणार ते आधी मोजून, आणि तरीही.

सरांनी खडू टेबलावर टाकला आणि शिपायाला बोलवायला बाहेर गेले. मी मुलींकडं तोंड केलं.

"पोरींनो, नीट ऐका," मी म्हणाले. "मतासाठी ते तुमच्याकडं येणार नाहीत. तुमच्या बापाकडं जातील."

आणि शिपाई दारात येऊन उभा राहिला तरी मी सांगत राहिले.